निर्णयसागरी अक्षराचं पोस्टर: भिंतीवर शोभेल का?

टिळकवाडीचा पोरगा
बेळगावात आमच्या मंडळाच्या जुन्या मराठी पुस्तकांच्या प्रदर्शनाचं पोस्टर करायलोय. मध्ये एकच ‘ळ’, तीन फुटी, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या वळणाचा. खाली छापखाना काढणारे जावजी दादाजी चौधरी आणि १८६९, तो निघाला ते साल. जुन्या छापील पानावरनं अक्षर स्कॅन केलं, शाईचा फुगवटा तसाच ठेवला. मंडळातले दोघे म्हणतात, हे पुस्तकाचं अक्षर, भिंतीचं नव्हे. तुम्हाला काय वाटतं?

जुना जुळारी
दोघे बरोबर बोलतात. शहापुरात वीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवलेत मी. पुस्तकाचा टाइप हातात धरून वाचायला कापलेला असतो. शाई पसरणार हे धरूनच अक्षराच्या पोटात जागा सोडलेली असते. आणि फुगवटा कसला मिरवतोस? झिजलेला खिळा नि जास्त झालेली शाई, दुसरं काय! पंच, म्हणजे अक्षराचा मूळ पोलादी ठसा, कोरणाऱ्याला तो दोषच वाटला असता. कोरणारे होते राणोजी रावजी आरू. त्यांचं नाव पोस्टरवर कुठाय? छापखाना जावजींचा, हात आरूंचा.

खडेबाजारकर
काका, आरूंचं नाव हवंच, पण जावजींना नुसतं मालक करू नका. अमेरिकन मिशन छापखान्यात टाइप घासण्यापासून सुरुवात केलेला माणूस तो. चांगलं अक्षर कुठलं हे त्याला कळत होतं, म्हणून तर आरू लाभले. राहिला भिंतीचा मुद्दा. पोस्टर वाचायला नाही, थांबवायला असतं. तीन फुटी ‘ळ’ बघून मी तरी थांबेन.

फ्लेक्सवाली
माझा आक्षेप ‘ळ’ला आहे. तो हिंदीवाल्यांच्या फॉन्टमध्येही जवळपास असाच. ‘ल’ घ्या! गणपत गल्लीतले फ्लेक्स बघा, ‘ल’ आणि ‘श’ सर्रास हिंदी वळणाचे. (आमच्याही दुकानात हेच होतं, घाई असते.) महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये मराठी वळण ठरवून दिलं, पण इकडं कोण बघतंय? मुंबईच्या टाइपात ते आधीपासनं होतं. गोष्ट सांगायची तर ही सांगा.

खडेबाजारकर
हे पटलं. कन्नडचं काय करणार? उगाच कोणी फलकावर साठ टक्के कन्नड हवं हा नियम काढेल.

फ्लेक्सवाली
तो नामफलकांचा. तरी कन्नडमध्ये एक ओळ घालाच, शेजारचे लोकही येऊ देत. फक्त कन्नड अक्षरांवर रेघ ओढून त्यांना देवनागरीचं सोंग देऊ नका. त्यांना शिरोरेषा नसते, तलकट्टू असतं, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरचा सुटा फटकारा. ते त्यांच्या डौलात राहू दे.

टिळकवाडीचा पोरगा
‘ल’ घेतो. आरूंचं नाव जावजींच्या शेजारी, त्याच आकारात. कन्नड ओळही येईल. फुगवटा मात्र ठेवणार काका, मला तो आवडतो.

जुना जुळारी
ठेव. आभाराच्या यादीत तेवढं माझं नाव घालू नकोस.