'जॉज'ची टिंगल मुलांच्या कार्यक्रमात: हसतं नक्की कोण?

सोफ्यावरचा बाप (धागाकर्ता):
जून १९७५ मध्ये माणसं खाणाऱ्या शार्कचा 'जॉज' हा चित्रपट आला आणि अमेरिकी टीव्हीने लगेच त्या शार्कचा विदूषक करून टाकला. नोव्हेंबरात 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये फोमच्या डोक्याचा शार्क 'कँडीग्रॅम' (घरपोच आलेली मिठाईची भेट) म्हणत दारं ठोठावून माणसं गिळायला लागला. तो मोठ्यांचा, रात्रीचा कार्यक्रम, त्याबद्दल तक्रार नाही. पण तीच गंमत बाहुल्यांच्या आणि मुलांच्या कार्यक्रमांत आजतागायत चालू आहे. पाच वर्षांच्या पोराने मूळ चित्रपट पाहिलेला नसतो, पाहूही नये. मग पाण्यावर शार्कच्या पाठीचा त्रिकोणी पर दिसला, 'जॉज'च्या संगीतातले ते दोन सूर वाजले, की हसतं कोण? माझ्यासारखा बाप. पोराच्या वाट्याला 'पाण्यात काहीतरी आहे' एवढंच. हे मुलाच्या ताटातलं मोठ्यांनी खाणं झालं.

कुकीभक्त:
बाप हसावा हाच तर बेत! १९६९ मध्ये 'सेसमी स्ट्रीट' हा लहान मुलांचा बाहुल्यांचा टीव्ही कार्यक्रम सुरू करताना जोन गँझ कूनी आणि मंडळींना घरातलं मोठं माणूस शेजारी बसलेलं हवं होतं. मोठ्यांशी बोलत बोलत पाहिलं की मूल जास्त शिकतं. म्हणून तर त्यातला बिस्किटखाऊ बाहुला-राक्षस कुकी मॉन्स्टर पाइप घेऊन खुर्चीत बसायचा आणि 'मॉन्स्टरपीस थिएटर' सादर करायचा, म्हणजे ब्रिटिश नाटकं दाखवणाऱ्या 'मास्टरपीस थिएटर'ची नक्कल. तीन वर्षांच्या पोराला त्यामागची ब्रिटिश नाटकं कुठून ठाऊक? राक्षसाने शेवटी पाइपच खाल्ला, यावर ते खूश. (पुढे पाइप गेला. धूम्रपान, दुसरं काय.) आणि ते दोन सूर आधी हळू, मग जलद, मग धप्प. हा दाराआडून 'भो' करायचाच खेळ आहे. त्याला चित्रपट पाहायची गरज नाही.

सोफ्यावरचा बाप:
'भो' कोण करतंय हे मुलाला माहीत असतं तोवरच तो खेळ. फेब्रुवारी १९७६ मध्ये त्याच 'सेसमी स्ट्रीट'वर मार्गारेट हॅमिल्टन 'विझर्ड ऑफ ऑझ'मधली चेटकीण बनून आली. मुलं घाबरली, पालकांनी तक्रारी केल्या आणि तो भाग मागे घ्यावा लागला. बालमानसशास्त्राचे जाणकार हाताशी असताना ही गत!

फळीमागचा:
पण ती चेटकीण बाहुली नव्हती, हाडामांसाची बाई होती. मी हातबाहुल्यांचे खेळ करतो, म्हणून थोडं आतलं सांगतो. 'जॉज'चा शार्क हीच मुळात एक अवाढव्य बाहुली. रॉबर्ट मॅटीने बनवलेली, सुमारे २५ फुटी, हवेच्या दाबावर चालणारी. मार्थाज व्हिनयार्डच्या खाऱ्या पाण्यात ती सारखी बंद पडायची. त्यामुळे दिग्दर्शक स्पीलबर्गला पर, शार्कला बांधलेली पिवळी पिंपं आणि जॉन विल्यम्सचं संगीत यांवर भागवावं लागलं. विडंबन करणाऱ्यांचं तिथेच फावलं. आमच्या मंचाची पुढची फळी म्हणजे आयती समुद्राची रेषा. प्रेक्षकांना तिच्याखालचं काही दिसत नाही. पुठ्ठ्याचा त्रिकोण फळीच्या कडेने सरकवला की पोरं उभी राहून 'मागे बघ, मागे बघ' ओरडतात. बाहुलीला कळलेलं नसतं, त्यांना कळलेलं असतं. घाबरलेलं पोर असं हुकूम सोडत नाही.

तात्याग्रस्त:
बाहुली म्हणजे निरुपद्रवी, हे कुणी ठरवलं? १९९३ चा 'झपाटलेला' विनोदीच होता, लक्ष्या होता, तरी रामदास पाध्यांच्या तात्या विंचूने माझी झोप उडवली ती उडवलीच. लक्ष्याचे विनोद आठवायला वेळ लागतो, त्या बाहुल्याचे डोळे लगेच आठवतात.
शिवाय शार्कचं काय? 'जॉज'चा मूळ कादंबरीकार पीटर बेंचली स्वतः पुढे शार्क वाचवा म्हणून फिरला. १९७० पासून खुल्या समुद्रातले शार्क आणि पाकट मासे ७० टक्क्यांच्या आसपास घटलेत. आपण मात्र पोरांना अजून तोच खलनायक दाखवतोय.

कुकीभक्त:
खलनायक? १९७६ चं हॅना-बार्बेराचं 'जॅबरजॉ' पाहा. तो शार्क बँडमध्ये ड्रम वाजवतो आणि 'मला कुणी मान देत नाही' म्हणून रडतो. यंत्रमानव त्याला शार्क आहे म्हणून जिथे तिथे हाकलतात. शार्कची बाजू मुलांच्याच कार्टूनने घेतली की!

सोफ्यावरचा बाप:
जॅबरजॉ मान्य, तो पहिल्या क्षणापासून अख्खा दिसतो. माझं भांडण नुसत्या पराशी आहे. फळीमागचे, खेळ संपायच्या आत त्या पुठ्ठ्याखाली काय आहे ते पोरांना दाखवता का?

फळीमागचा:
दरवेळी. नाही दाखवलं तर ती फळीमागे घुसतात.