दाढा वाढलेल्या गिनीपिगला भरवण्याबाबत मदत हवी आहे

आमच्या चार वर्षांच्या गिनीपिगच्या खालच्या दाढा आत वळून जिभेवर कमानीसारख्या आल्या होत्या. पशुवैद्यांनी भूल देऊन त्या घासून दिल्या आहेत. परंतु अजूनही तो गवताची काडी तोंडात घेतो, थोडी चघळतो आणि ओली करून तशीच टाकून देतो. हनुवटीखालची लव लाळेने सतत चिकट असते. वजन ९०० ग्रॅमवरून ७८० ग्रॅमवर आल्यामुळे सध्या पेलेट्स (तयार खाद्याच्या सुक्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून, त्यांची पातळ पेज बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कडेने थोडी थोडी भरवत आहोत. पोट रिकामे राहिले की या प्राण्याचे आतडे मंदावते, म्हणून रात्रीची खेपही चुकवत नाही. क जीवनसत्त्व त्याच्या शरीरात तयार होत नसल्याने पेजेत ढोबळी मिरची वाटून घालतो, आणि ती मात्र तो आवडीने चाटतो.

टिमोथी गवत मिक्सरमधून काढून पेजेत मिसळले तर तंतू सिरिंजच्या तोंडाशी अडकतात. यावर कोणी काय उपाय केला आहे? लसूणघास मऊ असला तरी त्यातील कॅल्शियममुळे मूतखड्याची धास्ती वाटते. दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते गवत चावूनच झिजतात, तेव्हा अशा प्राण्याला पेजेवरून पुन्हा गवताकडे कसे वळवावे, आणि पुण्यात अशा लहान प्राण्यांच्या दातांचे काम नियमित करणारे पशुवैद्य कोण आहेत, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.