फोर्क गळला की फेका म्हणे! पैसे काय केळीच्या बागेत पिकतात?

शहादेकर: काल एका भाऊने ठणकावून लिहिलं, ‘सायकलचा सस्पेन्शन फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचा शॉकअप, गळायला लागला म्हणजे संपला. रिपेअरवाले गंडवतात, सरळ नवा टाका.’ डोकंच फिरलं. अरे भो, तेल गळतंय म्हणजे बहुतेक वेळा सील गेलंय. सील, आतल्या फोमच्या रिंगा, थोडं तेल, झालं काम. फोर्क बनवणारी रॉकशॉक्स कंपनी स्वतः चालवण्याच्या दर 50 तासांनी लोअर, म्हणजे फोर्कचा खालचा जाड भाग, उघडून साफ करा म्हणते. आपण तोरणमाळचा घाट उतरतो, काळ्या मातीत सायकल घालतो आणि फोर्क वर्षानुवर्षं उघडत नाही. मग गळेल नाही तर काय? पाहायची ती स्टँचन, लोअरमध्ये आतबाहेर सरकणारी गुळगुळीत नळी. पुसून घ्या, नख फिरवा. सीलच्या वाटेत नख अडकलं तर नवं सीलही टिकणार नाही, तिथे नव्याचा विचार करा. नाही अडकलं तर बारीक पॉलिश पेपर मारा आणि चालवा.

भुसावळ_जंक्शन: तो भाऊ मीच. फोर्क कोणता ते विचारलंत का आधी? आपल्याकडे निम्म्या सायकलींना सनटूर कंपनीचा स्वस्तातला एक्ससीटी नाहीतर त्याच्याही खालचा स्प्रिंगवाला. त्याचे पार्ट मागवा, कुरिअर भरा, मजुरी द्या, मग बेरीज करून सांगा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकला. हेडसेट, म्हणजे हँडलखालचे बेअरिंग, घट्ट असूनही खटखट आली तर बुश गेले, म्हणजे स्टँचन ज्यात सरकते त्या आतल्या रिंगा. ते बदलणारा जळगावात दाखवा, मी चहा पाजतो.

चाळीसगावचा_पंक्चरवाला: दोघंही मूळ सोडून भांडताय. सील मारतं ते वॉशिंग सेंटर! पोळ्याच्या बैलासारखी सायकल उभी करायची आणि प्रेशर गन थेट सीलवर. माती आत, तेल बाहेर.

धुळ्याची_ताई: मग काय करायचं दादा? पावसाळ्यात लळिंगकडून आल्यावर ती माती वाळली की खरवडूनही निघत नाही. मी गननेच धुते, लांबून. फोर्क ठणठणीत आहे.

चाळीसगावचा_पंक्चरवाला: ताई, आज ठणठणीत आहे. बादली आणि चिंधी घ्या.

धुळ्याची_ताई: बादलीभर पाणी? आमच्याकडे नळ कधी येतो ते माहीत आहे का? आधी ते बोला.

रावेरी: 😂 धागा फोर्कचा, भांडण पाण्याचं. माझ्या चुलतभावाच्या लोअरला तडा गेला होता. ट्रॉलीवाल्या वेल्डरकडून टाका मारून आणला, आजपण पालच्या रस्त्याला चालवतो. नवा कशाला?

शहादेकर: रावेरी, हात जोडतो. बरेच लोअर मॅग्नेशियमचे असतात. वेल्डिंग करताना ते पेटलं तर पाणी ओतून आणखी भडकतं. आणि टाका टिकला तरी बाजूचा धातू कमजोर होतो. क्राऊन (दोन्ही पाय जोडणारा वरचा भाग), स्टिअरर (हँडलकडे जाणारी नळी), लोअर, कुठेही तडा दिसला की वाद संपला, फोर्क बदला. नळी वाकली असेल तरी तेच, ठोकून सरळ करायची नाही.

रावेरी: म्हणजे आमचा भाऊ मूर्ख?

शहादेकर: मूर्ख नाही. अजून पडला नाही, इतकंच.

रावेरी: तोंड सांभाळून, भो.

भुसावळ_जंक्शन: वा! म्हणजे ‘नवा टाका’ हे तुम्हालाही येतं तर.

शहादेकर: तडकलेला बदला, गळका नाही. आणि नवा टाका म्हणताना हेड ट्यूब, म्हणजे स्टिअरर जिच्यात बसतो ती फ्रेमची नळी, पाहिलीत? टेपर्ड, म्हणजे खाली जाड होत जाणाऱ्या, स्टिअररचा फोर्क जुन्या सरळ, अरुंद हेड ट्यूबमध्ये बसत नाही. 15 एमएम ॲक्सलवाला (जाड दांड्याचा) घेतला तर हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, बदला, म्हणजे चाकच गेलं. 100च्या जागी 120 एमएम ट्रॅव्हलचा (दबण्याच्या अंतराचा) टाकला की पुढचा भाग उचलला जातो, हेड अँगल, म्हणजे हेड ट्यूबचा कल, साधारण एक अंशाने बदलतो, चढावर पुढचं चाक भटकतं. एका दुकानदाराने माझ्या मित्राला हे काही न सांगता फोर्क विकला. अजून खोक्यात पडलाय.

भुसावळ_जंक्शन: बरं बाबा. महागडा एअर फोर्क (स्प्रिंगऐवजी हवेचा) गळला तर रिपेअर, स्वस्तातला स्प्रिंगवाला खटखटला तर भंगार. खूश? पण गळका एक्ससीटी मी नाही उघडणार, तुम्ही कितीही तासांचे हिशेब मांडा.

चाळीसगावचा_पंक्चरवाला: आणि गन?

धुळ्याची_ताई: लांबून!

नंदुरबारी: भाऊ, काय ऱ्हायनं आते ह्या भांडणमा? भुसावळवाले, तो भंगारात टाकायचा एक्ससीटी मला द्या. मला त्यातली स्प्रिंग पाहिजे.