लव्हाळ्याची गाठ
*मोरे (सेक्रेटरी):* उद्या टाकी धुणार. ९ ते १२ पाणी बंद. बादल्या भरून ठेवा, मागनं बोंबलू नका 🙏

*विनायक ए-२०३:* ↪️ केमो घेतल्यामुळेच कॅन्सर परत उलटतो!! डॉक्टर सांगत नाहीत. दहा ग्रुपवर पाठवा.

*अनुजा बी-४०४:* विनायकदादा, असलं कशाला पाठवता? केमो मुख्यतः विभागत असलेल्या पेशी मारते. म्हणून केस जातात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी उतरतात. त्या जागा पण सतत वाढणाऱ्याच. पण कॅन्सरची जी पेशी विभागणंच थांबवून पडून राहते, ती बऱ्याचदा वाचते.

*विनायक ए-२०३:* म्हणजे बरोबरच की ओ 😀

*अनुजा बी-४०४:* काय बरोबर? केमो नसती तर वाढणाऱ्या सगळ्याच जिवंत राहिल्या असत्या.

*आप्पा ए-१०१:* उसात लव्हाळा बघितलाय का कुणी? तणनाशक मारलं की वरचं हिरवं जळतंय. पंधरा दिवस रान कसं चकाचक! खाली गाठींची माळ तशीच. औषध पानातनं आत जातं. झोपलेल्या गाठीला पानच न्हाई, मग औषध जाणार कुठनं? पाऊस पडला की आलाच कोंब.

*अनुजा बी-४०४:* आप्पा, नाद खुळा 🙌 स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जननं १८८९ मध्ये कॅन्सर पसरण्याबद्दल असंच शेतीतलं उदाहरण दिलं होतं, बी कुठंही पडेल पण रुजेल मानवणाऱ्या जमिनीतच. स्तनाच्या कॅन्सरच्या अशा झोपलेल्या पेशी अस्थिमज्जेत जाऊन बसू शकतात. एकेकट्या असतात, स्कॅनला दिसत नाहीत.

*विनायक ए-२०३:* आमच्या मामीला ११ वर्षांनी हाडात निघाला. पहिल्या डॉक्टरनं नीट केलं नाही, असंच धरून बसलोय आम्ही.

*अनुजा बी-४०४:* त्यांची चूक असेलच असं नाही दादा. हार्मोनवर वाढणारा असेल तर २० वर्षांनीही उलटू शकतो. म्हणून तर ५ वर्षं, काहींना १० वर्षं टॅमॉक्सिफेन नाहीतर लेट्रोझोल, म्हणजे हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या. गाठ मरतेच असं नाही, पण तिचं पाणी तोडलेलं राहतं.

*सुनंदाकाकू बी-३०२:* माझे सगळे रिपोर्ट क्लिअर आहेत. चौथं वर्ष. लेट्रोझोलनं सांधे लई धरतात गं, सकाळी बरणीचं झाकण फिरत नाही.

*अनुजा बी-४०४:* ते खरंच गोळीमुळं होऊ शकतं काकू. डॉक्टरांना सांगा, बदलून देता येते.

*सुनंदाकाकू बी-३०२:* 🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

*आप्पा ए-१०१:* काय लिवलं होतं वैनी?

*मोरे (सेक्रेटरी):* टाकीचे प्रत्येकी ५० रुपये. वॉचमनकडं द्या.

*सुनंदाकाकू बी-३०२:* अनुजा, घरात आहेस का? फाईल घेऊन वर येते. दिवाळीपासनंच्या गोळ्या पण आणते, पाकिटं फोडलेली नाहीत.