मदत हवी आहे: लिनक्ससाठी जुन्या पीसीत कुठलं ग्राफिक्स कार्ड घालू?

नमस्कार मंडळी,

बेळगावात उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे, ड्रॉइंगचं काम माझ्याकडे. पीसी चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, आत एनव्हिडियाचं जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि ११ साठी हा प्रोसेसर यादीत नाही. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स आणि ड्रॉइंगसाठी फ्रीकॅड हे मोफत सॉफ्टवेअर, असं ठरवलंय. गेम कुणी खेळत नाही.

अडतंय ते कार्डापाशी. जीटी ७१० केपलर पिढीचं, त्याच्यासाठी एनव्हिडियाची ४७० ही ड्रायव्हरची (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) शेवटची मालिका. २०२२ मध्ये कंपनीने कर्नल मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) चालणारा भाग, त्याचा कोड खुला केला खरा, पण तो केपलरनंतरच्या ट्युरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांनाच. त्यांत बरंच काम कार्डावरच्याच जीएसपी नावाच्या प्रोसेसरचं फर्मवेअर (त्या प्रोसेसरवरच चालणारं सॉफ्टवेअर) करतं, आणि जुन्या कार्डांत तो प्रोसेसरच नाही. म्हणजे खुलेपणा आला, पण नवा माल घेणाऱ्यासाठी. नूव्हो हा कंपनीबाहेरच्यांनी लिहिलेला खुला ड्रायव्हर आहे, पण केपलरवर क्लॉक (कार्डाचा वेग) आपण हाताने वाढवावा लागतो. दुकानातल्या पीसीवर हा उद्योग कोण करणार?

एएमडीने २००७ पासूनच कार्डांची कागदपत्रं द्यायला सुरुवात केली, ड्रायव्हर कर्नलमध्येच येतो. म्हणून बेंगळुरूच्या एसपी रोडवरून एएमडीचं जुनं आरएक्स ५५० मागवू, की नवं इंटेल आर्क ए३८० घेऊ? इथला दुकानदार म्हणतो, "लिनक्सचं आम्हाला विचारू नका ओ." तुम्हीच सांगा की.

उत्तर १
आर्क नको. ड्रायव्हर खुला आहे, पण बोर्डात रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसला तर वेग फार पडतो, आणि तुमच्या काळातल्या बोर्डांत ते सहसा नसतं. आरएक्स ५५० चालेल.

उत्तर २
पैसे घालायच्या आधी जीटी ७१० काढून ठेवा आणि मॉनिटर थेट मदरबोर्डला जोडा. त्या पिढीच्या बहुतेक आय-फाइव्हमध्ये एचडी ४६०० हे प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स असतं, इंटेलचा खुला ड्रायव्हर आपोआप लागतो. टर्मिनलवर ग्लक्सइन्फो (glxinfo) ही ग्राफिक्सची माहिती दाखवणारी कमांड चालवा. रेंडररसमोर (renderer) एलएलव्हीएमपाइप (llvmpipe) आलं तर सगळा भार प्रोसेसरवर पडतोय असं समजा. मोठी असेंब्ली फिरवताना अडखळलं तरच ५५० बघा.

धागाकर्ता
हे डोक्यातच आलं नव्हतं! पण बोर्डाला व्हीजीए आणि डीव्हीआय एवढंच आहे, मॉनिटरला एचडीएमआय.

उत्तर २
डीव्हीआय-डी (डिजिटल सिग्नलवालं डीव्हीआय) असेल तर डीव्हीआय ते एचडीएमआय साधी केबल घ्या. व्हीजीएवाला कन्व्हर्टर गळ्यात मारतील, घेऊ नका.