‘गेबीरा’साठी मराठी शब्द कोणता : राजमाता, राणी की सायबीण?

अनुवादिका :
मरियाभक्तीची मुळे प्राचीन यहुदी परंपरेत शोधणारा एक लेख मी मराठीत आणत आहे. यहूदाच्या राज्यात राजाच्या आईला हिब्रूत ‘गेबीरा’ म्हणत आणि मरियेच्या राणीपणाचा उगम त्याच मानात आहे, असे लेखकाचे प्रतिपादन आहे. मी ‘राजमाता’ लिहिले. संपादकांनी ते खोडून ‘राणी’ केले. मला ते पटत नाही, कारण बायबलच्या १ राजे १५:१३ मध्ये राजाची आई माका हिने अशेरा देवीची अमंगळ मूर्ती केली म्हणून आसा राजा तिला गेबीरापदावरून दूर करतो. आईला आईपणावरून काढता येत नाही, म्हणजे हे नुसते नाते नसून पद असले पाहिजे. अर्थात ‘राजमाता’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जिजाऊच उभ्या राहतात, हीही अडचण आहेच.

वसईचा वाचक :
‘राणी’ नकोच. १ राजेच्या पहिल्या अध्यायात बथशेबा दावीद राजापुढे, म्हणजे स्वतःच्या नवऱ्यापुढे, लवून नमन करते. दुसऱ्या अध्यायात तीच बथशेबा दरबारात येते तेव्हा तिचा मुलगा, राजा शलमोन, सिंहासनावरून उठतो, तिला नमन करतो आणि तिच्यासाठी आपल्या उजवीकडे आसन मांडवतो. आमची आजी जपमाळ संपली की म्हणायची, “पोरगा आयशीचा शबुद मोडत नाय.” मरियेच्या मध्यस्थीचे सारे तत्त्वज्ञान त्या वाक्यात आहे.

शंकेखोर :
आजींना नमस्कार, पण त्याच प्रसंगात मुलाने आईचा शब्द मोडला आहे. बथशेबेने शलमोनाचा सावत्र भाऊ अदोनीया याच्यासाठी दाविदाची सेविका अबीशग पत्नी म्हणून मागितली. “मी नाही म्हणणार नाही” असे आधी बोलून शलमोनाने त्याच दिवशी अदोनीयाचा वध करवला. शिवाय १ राजे ११:१९ मध्ये फारोची पत्नी तहपनेस हिलाही गेबीराच म्हटले आहे. तिथे ‘राजमाता’ कसे बसवणार?

म्हापसेकर :
उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात दासी हागार आपल्या मालकिणीविषयी, सारायविषयी, बोलताना हाच शब्द वापरते, तेव्हा मूळ अर्थ धनीण, मालकीण. आमच्याकडे गोव्यात त्याला तयार शब्द आहे : सायबीण. मरियेची मूर्ती वाड्यातल्या घरोघरी एकेका रात्रीच्या मुक्कामाला जाते, तेव्हा “आज सायबीण आमच्याकडे” असेच म्हणतात. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला तर शिरगावच्या लइराई देवीची बहीण मानतात आणि फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात.

शुद्धलेखक :
‘सायबीण’ अरबी ‘साहिब’वरून आलेला बोलीतला शब्द आहे. ‘स्वामिनी’ असताना विद्वत्तापूर्ण लेखात तो कशासाठी? जाता जाता, ‘गेबीरा’ आणि आपला ‘जबरदस्त’ यांचे मूळ एकच असावे.

बेने इस्राएल :
नाही. ‘जबरदस्त’मधला ‘जबर’ फारसी आहे, त्याचा अर्थ ‘वर’. गेबीराचे अरबी भावंड हवे असेल तर ‘जब्बार’ घ्या, कारण दोन्हींच्या मुळाशी बळाचा अर्थ आहे. आमचे कुटुंब कोकणातून इस्राएलात आले तेव्हा दवाखान्यात आईला “गव्हेरेत” अशी हाक आली आणि ती घाबरली. नंतर कळले की तो याच शब्दाचा भाऊबंद, अर्थ नुसता ‘बाई’. मूळ मुद्द्यावर मात्र मी अनुवादिकाताईंच्या बाजूने आहे. यिर्मयाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात स्त्रिया जिच्यासाठी भाकरी करतात आणि ज्यावरून संदेष्टा संतापतो, त्या ‘स्वर्गाच्या राणी’साठी गेबीरा हा शब्दच नाही, तो ‘मलिका’च्या कुळातला आहे. दोन्हींकडे ‘राणी’ छापलेत, तर राजाची आई आणि संदेष्ट्याने धिक्कारलेली देवी मराठी वाचकाला एकच वाटतील. चौथ्या शतकात ख्रिस्ती बिशप एपिफानियसने मरियेला भाकरी वाहणाऱ्या स्त्रियांवर टीका करताना यिर्मयाचाच आधार घेतला होता.

म्हापसेकर :
म्हणूनच म्हणतो, सायबीण! ती राजाची आईही होते आणि हागारेची धनीणही.

शुद्धलेखक :
मग शलमोनाच्या दरबारात भालदार “सायबीण आल्या” म्हणून ललकारी देणार का?

अनुवादिका :
तूर्त मी सगळीकडे ‘गेबीरा’च ठेवले आहे आणि कंसात ‘राजमाता’ घातले आहे. तहपनेसपाशी मात्र कंस रिकामा आहे.