दीनदयाळांसारखा आजीचा फोटो कसा काढू?

नवशिकी_इंदूर:
तीन महिन्यांपूर्वी सेकंडहँड कॅमेरा घेतला, सोबत 50 एमएमची लेन्स. लाला दीनदयाळांनी काढलेले संस्थानिकांचे फोटो पाहिले आणि डोक्यात तेच बसलंय. हा माणूस 1866 मध्ये आपल्याच इंदुरात पीडब्ल्यूडीत नोकरीला लागला होता! कॅमेऱ्याचा नाद इथेच लागला, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी पाठबळ दिलं. राजवाड्यासमोरून इतकी वर्षं जातेय, पत्ता नव्हता.

अडचण आजीची आहे. एरवी सगळ्यांच्या नकला करते, पण कॅमेरा दिसला की पदर सारखा करून आधार कार्डाला बसल्यासारखी बसते. वर नाकाखाली काळी सावली, कपाळ चकचकीत. दीनदयाळांची माणसंही ताठच बसलेली असतात, मग ती जिवंत का वाटतात?

रामबागचे_काका:
बाळ, डोक्यावरची ट्यूब बंद कर आणि फ्लॅश काढून ठेव. त्या काळी स्टुडिओत काम चालायचं ते दिवसाच्या उजेडावर. आजीला दारापासून दोन-तीन हात आत, जरा तिरकी बसव. ऊन थेट अंगावर नको. अंधाऱ्या बाजूला आजोबांचं पांढरं धोतर ताणून धर, सावली उचलली जाते. चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, फ्लॅशचा उजेड मऊ करणाऱ्या छत्र्या-बित्र्या नंतर आल्या.

मेघना_बडोदा:
काकांचं उजेडाचं बरोबर, पण ताठपणा त्यानं जाणार नाही. दीनदयाळांच्या फोटोत हात बघ. तलवारीवर, खुर्चीच्या हातावर, कुठेतरी टेकलेले. तेव्हा सेकंद-सेकंद हलायचं नाही, म्हणून टेकू लागायचा. पण त्यानं हातांना कामही मिळायचं. आणि 1892 मध्ये त्यांनी हैदराबादेत पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला, तिथे फोटो काढायलाही बाईच ठेवली. समोर कोण आहे त्यावर चेहरा ठरतो गं. आजीसमोर फोटोग्राफर होऊन उभी राहू नकोस, नात म्हणून बस.

नवशिकी_इंदूर:
आज सकाळी मागच्या दारात आजीला मेथी निवडायला बसवलं. धोतर भावानं धरलं, दहा मिनिटांत कुरकुरला. अडतीस फोटो वाया. एकोणचाळिसाव्यात चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणतेय, "अगं, जुडी संपली, आता काय करू?" शटर 1/30 सेकंद, म्हणजे जरा हळू होतं, त्यामुळे मेथीचा हात हललाय. डोळे मात्र लख्ख.

काका, हललेला हात चालेल का?

रामबागचे_काका:
पळेल! मोठा प्रिंट काढ. आणि आजीला उद्या पालक आणून दे.